न झालेल्या एकीचा हिशेब

दिवेआगरच्या पुळणीवर उभे राहिले की कोकण किनाऱ्याचा बराचसा इतिहास दोन्ही हातांच्या अंतरावर येतो. उत्तरेस राजपुरी खाडीच्या तोंडाशी सिद्दीचा जंजिरा आहे. दक्षिणेस पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन आहे. त्याच्याही खाली, सावित्री नदी समुद्राला मिळते तेथे बाणकोटचा किल्ला आहे आणि आणखी पुढे हर्णैसमोरच्या खडकावर सुवर्णदुर्ग. १८०२ सालच्या अखेरीस याच किनाऱ्यालगत मराठी राज्याचे पेशवे दुसरे बाजीराव समुद्रमार्गे उत्तरेकडे निघाले होते. २५ ऑक्टोबर रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या मैदानावर यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. बाजीराव सिंहगडावर, तेथून रायगड-महाडकडे आणि पुढे सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला गेले. तेथून रेवदंड्यावरून इंग्रजांच्या मदतीने त्यांनी वसई गाठली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला आणि मराठी राज्याचे स्वातंत्र्य कागदावर तरी त्या दिवशी संपले.

या प्रवासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या सुवर्णदुर्गाच्या परिसरातून पेशवे इंग्रजांच्या आश्रयाला निघाले, तो किल्ला १७५५ मध्ये इंग्रज आरमाराने तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला होता आणि त्या कामी इंग्रजांना पाचारण केले होते ते पेशव्यांनीच. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचे आरमार जळून गेले आणि १७५६ च्या तहाने इंग्रजांचा बाणकोटवरील ताबा पक्का झाला. आपल्याच सत्तेचा एक बाहू तोडण्यासाठी परक्याला बोलावल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी त्याच परक्याच्या जहाजाचा आसरा घेण्याची पाळी आली. याला योगायोग म्हणावयाचे की परिणाम, हा खरा प्रश्न आहे.

मराठी माणसाच्या मनात दोन 'जर' कायमचे घर करून बसले आहेत. पहिला पानिपतचा आणि दुसरा १८०३ चा. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड आणि पेशवे त्या वर्षी एकत्र उभे राहिले असते तर? शाळेच्या वर्गात, गावोगावच्या व्याख्यानमालांत आणि कचेरीतील मधल्या सुटीत हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तरही ठरून गेले आहे. दुही, भाऊबंदकी, फितुरी हे शब्द उच्चारले की चर्चा संपते आणि सगळा दोष मराठी स्वभावाच्या माथी मारून मंडळी मोकळी होतात.

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे अध्यापक विद्यार्थ्यांना बजावतात. पण हा निषेध फारसा टिकत नाही. कारण एखाद्या घटनेचे कारण सांगणे म्हणजेच, ते कारण नसते तर घटना घडली नसती, असे सांगणे होय. 'दुहीमुळे मराठी राज्य बुडाले' असे जो म्हणतो, तो 'एकी असती तर ते तगले असते' हेच दुसऱ्या शब्दांत म्हणत असतो. तेव्हा जर-तर टाळता येत नाही. ते नीट मांडावे मात्र लागते. नीट मांडणे याचा अर्थ असा की, कल्पनेत जी गोष्ट बदलली ती त्या काळी खरोखर शक्य होती काय, आणि ती शक्य व्हावयाची तर तिच्याआधी आणखी काय काय बदलावे लागले असते, याचा हिशेब करणे. असा हिशेब मांडला म्हणजे दुहीचे मूळ स्वभावात नसून व्यवस्थेत होते, असे दिसू लागते. त्यासाठी प्रथम एका दूरच्या देशाचे उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल.

उत्तर युरोपातील एक स्वप्न

डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या तीन देशांच्या भाषा एकमेकींना बहिणींसारख्या जवळच्या, धर्मपंथ एक आणि चालीरीतीही बऱ्याचशा सारख्या. १३९७ ते १५२३ या काळात काल्मार येथे झालेल्या करारान्वये हे तिन्ही देश एका राजमुकुटाखाली नांदलेही होते. नंतरची तीन शतके मात्र डेन्मार्क आणि स्वीडन परस्परांशी लढण्यात गेली. १८१४ मध्ये नॉर्वे डेन्मार्कच्या हातून गेला आणि स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली आला. या जुन्या वैराचा कंटाळा येऊन १८४० नंतर या देशांतील विद्यार्थ्यांनी एकीकरणाची चळवळ सुरू केली. १८४३ मध्ये उप्साला येथे आणि १८४५ मध्ये कोपनहेगन येथे त्यांचे मोठे मेळावे भरले. बंधुत्वाच्या शपथा झाल्या, कवींनी गीते रचली, प्राध्यापकांनी व्याख्याने दिली. इटलीचे राज्य १८६१ मध्ये एक झाले तेव्हा, इटलीला जे साधले ते उत्तरेला का साधू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जाऊ लागला.

या स्वप्नाची कसोटी १८६३-६४ मध्ये लागली. श्लेस्विग आणि होल्स्टाइन या दोन परगण्यांचा अधिपती डेन्मार्कचा राजा असे; पण होल्स्टाइन भाषेने जर्मन आणि जर्मन राज्यसंघाचा घटक होता, तर श्लेस्विगमध्ये डॅनिश व जर्मन अशी दोन्ही प्रकारची वस्ती होती. श्लेस्विग अधिक घट्टपणे डेन्मार्कला जोडावयाचा नाही, असे आश्वासन मोठ्या राष्ट्रांना दिले गेले होते आणि त्या आधारावर १८५२ चा लंडनचा करार उभा होता. १८६३ च्या उन्हाळ्यात स्वीडन-नॉर्वेचा राजा पंधरावा चार्ल्स याने डेन्मार्कच्या राजाला भेटून, युद्ध झालेच तर सुमारे वीस हजार सैनिक पाठविण्याचे वचन दिले. या वचनाने कोपनहेगनच्या मुत्सद्द्यांना धीर आला. नोव्हेंबरमध्ये डेन्मार्क आणि श्लेस्विग यांना एकत्र बांधणारी राज्यघटना मंजूर झाली. बिस्मार्कला हवे असलेले निमित्त त्यामुळे आयतेच मिळाले.

परंतु राजाचे वचन हे राज्याचे वचन नव्हते. स्वीडनच्या मंत्रिमंडळाने ते मान्य करण्याचे नाकारले, आणि विरोध करणाऱ्यांत अर्थमंत्री ग्रिपेनस्टेड हे प्रमुख होते. १ फेब्रुवारी १८६४ रोजी प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा श्लेस्विगमध्ये शिरल्या. शेजाऱ्यांकडून डेन्मार्कच्या मदतीला आले ते काही शेकडा स्वयंसेवक. १८ एप्रिल रोजी द्युब्बोलची तटबंदी पडली. लंडनला वाटाघाटी झाल्या, तेव्हा श्लेस्विगची भाषावार फाळणी करून काही भाग राखण्याची संधी डेन्मार्कला होती. तीही दवडली गेली. ३० ऑक्टोबरच्या व्हिएन्नाच्या तहाने डॅनिश राजसत्तेचा सुमारे दोन-पंचमांश मुलूख हातचा गेला, आणि त्याबरोबर एकीकरणाचे राजकीय स्वप्नही बुडाले.

ते वीस हजार सैनिक आले असते तर काय झाले असते, यावर त्या देशांत आजही कल्पना लढविल्या जातात. एकत्रित स्कँडिनेव्हियन राज्य जन्माला आले असते, जर्मनीच्या उत्तरेस एक नवी सत्ता उभी राहिली असती, विसाव्या शतकाचा नकाशाच निराळा झाला असता, असे चित्र रंगविले जाते. पण शांतपणे पाहता, साठ हजारांच्या आसपास असलेल्या शत्रुसैन्यापुढे वीस हजारांची भर पडून तटबंदी काही काळ अधिक टिकली असती आणि तहाच्या वेळी डेन्मार्कला थोड्या बऱ्या अटी मिळाल्या असत्या, एवढेच खात्रीने म्हणता येते. कारण खरी उणीव सैनिकांची नव्हती. विद्यार्थ्यांच्या शपथा होत्या, कवींची गीते होती, राजाचा शब्दही होता. नव्हते ते सामाईक विधिमंडळ, नव्हता तो सामाईक खजिना आणि कोणाच्या सरहद्दीसाठी कोणाच्या शेतकऱ्याने कर भरावयाचा याचा आधी झालेला निवाडा. स्वीडनच्या अर्थमंत्र्याने विचारलेला प्रश्न रूक्ष खरा. पण त्याला फितुरी म्हणता येणार नाही. तो प्रश्न वीस वर्षांपूर्वी, मेळाव्याच्या व्यासपीठावरच विचारला जावयास हवा होता.

चौथाईची वाटणी

हाच प्रश्न मराठी राज्यात कोणी आणि केव्हा विचारला, हे शोधू गेल्यास पुन्हा श्रीवर्धनला यावे लागते. श्रीवर्धनच्या देशमुखीच्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ भट यांनी १७१९ मध्ये दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि त्या उत्पन्नाची वाटणी बांधून दिली. सरदेशमुखीचे दहा टक्के छत्रपतींचे. चौथाईपैकी पंचवीस टक्के बाबती म्हणून राजाची, सहा टक्के सहोत्रा पंत सचिवाचा, तीन टक्के नाडगौंडा राजाच्या मर्जीतील व्यक्तींचा आणि उरलेले सहासष्ट टक्के मोकासा म्हणून सरदारांचे. या मोकाशातून सरदारांनी फौजा बाळगावयाच्या आणि नवा मुलूख जिंकावयाचा, असा संकेत होता.

ही व्यवस्था आखणारा पुरुष असामान्य होता, यात शंका नाही. सत्तावीस वर्षांच्या मोगली युद्धानंतर राज्याचा खजिना रिकामा होता. पगारी फौज उभी करावयाची तर पैसा नव्हता, आणि पैसा मिळवावयाचा तर फौज नव्हती. अशा वेळी सरदारांना उत्पन्नातील वाटा देऊन त्यांच्या पराक्रमाला मोकळे रान देणे हाच व्यवहार्य मार्ग होता. पुढील चाळीस वर्षांत मराठी घोडी अटकेपर्यंत पोहोचली, त्याचे निम्मे श्रेय या वाटणीला द्यावे लागेल. पण ज्या व्यवस्थेने विस्तार सोपा केला तिनेच एकीकरण अवघड करून ठेवले. चौथाईचे दोन-तृतीयांश उत्पन्न मूळ जागीच सरदारांच्या हाती राहिल्यावर मध्यवर्ती सत्तेला आपल्याच सरदारांकडे मागणीदार म्हणून जावे लागणार, हे उघड होते. कर्तृत्ववान पेशवा होता तोवर ही मागणी हुकुमासारखी वाटे. तो नाहीसा होताच ती याचना झाली.

याची चुणूक फार लवकर दिसली होती. १७३३ मध्ये थोरल्या बाजीरावांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली. पेशवे, प्रतिनिधी आणि आंग्रे हे तिघेही त्या मोहिमेत होते. परंतु श्रेय कोणाचे आणि मुलूख कोणाचा, यावरून तिघांची तोंडे तीन दिशांना झाली. रायगड परत मिळाला. जंजिरा मिळाला नाही. पुढे श्रीवर्धन जंजिरा संस्थानातच राहिले आणि १९४८ मध्ये ते संस्थान विलीन होईपर्यंत त्यातून सुटले नाही. दिल्लीच्या बादशहाला तख्तावर बसविणाऱ्या व उठविणाऱ्या घराण्याला स्वतःचे मूळ गाव राज्यात सामावून घेता आले नाही, याहून बोलके उदाहरण कोणते असू शकेल?

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही दुबळी जागा पूर्ण उघडी पडली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर सर्व सरदार शेवटचे एकत्र दिसले. महादजी शिंदे १७९४ मध्येच गेले होते. सवाई माधवराव १७९५ मध्ये, तुकोजी होळकर १७९७ मध्ये आणि नाना फडणीस १८०० मध्ये निवर्तले. पेशवाईची गादी मिळविण्यासाठी दुसऱ्या बाजीरावांनी दौलतराव शिंद्यांना दोन कोटी रुपये देण्याचे कबूल केले होते. पण देण्यासाठी खजिन्यात पैसा नव्हता. दौलतरावांच्या कवायती पलटणींना तर पगार हवाच होता. त्याची वसुली १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी पुण्याच्या सावकारांना आणि प्रतिष्ठितांना छळून केली. होळकरांच्या वारसाहक्काचा तंटा मिटविणारे कोणतेही निःपक्षपाती न्यायासन उरले नव्हते, म्हणून तो शिंद्यांच्या सोयीने मिटविला गेला. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. हडपसरची लढाई ही या न फेडलेल्या कर्जांची आणि न झालेल्या निवाड्यांची बेरीज होती. यशवंतरावांच्या मागण्या तरी काय होत्या? शिंद्यांच्या ताब्यातील बालक खंडेराव होळकराची सुटका आणि होळकरी दौलतीला मान्यता. एखाद्या मान्य पंचासमोर हे प्रकरण गेले असते तर एका पावसाळ्यात निकालात निघाले असते.

वसईच्या तहाची कलमे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. कंपनीने पेशव्यांच्या रक्षणासाठी किमान सहा हजार पायदळ कायमचे ठेवावयाचे. त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा. निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मानावयाचा. परराष्ट्रांशी वाटाघाटी कंपनीला विचारून करावयाच्या. कायमची फौज, तिच्यासाठी बांधून दिलेले उत्पन्न, तंट्यांसाठी एक पंच आणि परराष्ट्रधोरणात एकसूत्रता, या चार गोष्टी म्हणजेच कोणत्याही राज्यसंघाचे चार खांब होत. पाच मराठी सरदारांना जे आपसांत कधी बांधता आले नाहीत, ते खांब वेलस्लीने एका कागदावर उभे केले. फक्त घराचा मालक बदलला.

१८०३ चा 'जर'

आता त्या प्रसिद्ध प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. मे १८०३ मध्ये इंग्रजांनी बाजीरावांना पुन्हा पुण्याच्या गादीवर बसविले. शिंदे आणि भोसले यांनी विरोधाची तयारी केली, भोसल्यांनी होळकरांना वळविण्याचा प्रयत्न केला. पण यशवंतराव दूर राहिले. गायकवाड १८०२ मध्येच कंपनीच्या तैनाती फौजेखाली गेले होते. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले आणि अहमदनगर पडले. ११ सप्टेंबरला दिल्ली, २३ सप्टेंबरला असई, १ नोव्हेंबरला लासवारी, २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड अशी पराभवांची मालिका लागली. डिसेंबर संपण्यापूर्वी देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे दोन्ही सरदारांनी वेगवेगळे तह केले. यशवंतराव लढावयास उभे राहिले ते १८०४ मध्ये, आणि तेव्हा शिंदे-भोसल्यांचे हात बांधलेले होते.

यशवंतरावांची फौज सप्टेंबर १८०३ मध्ये शिंद्यांच्या बाजूला असती तर काय घडते? या प्रश्नाला केवळ कल्पनेने नव्हे, तर पुढील दोन वर्षांच्या घटनांच्या आधारे उत्तर देता येते. असईच्या एका लढाईतच वेलस्लीच्या धाकट्या भावाचे सुमारे पंधराशे लोक मेले वा जखमी झाले. १८०४ च्या पावसाळ्यात एकट्या होळकरांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेची आग्ऱ्यापर्यंत वाताहत केली. १८०५ च्या आरंभी भरतपूरच्या तटावर लेकचे चार हल्ले फसले. कंपनीचे कर्ज वाढत होते, लंडनचे संचालक मंडळ हवालदिल झाले होते आणि युरोपात नेपोलियनशी पुन्हा युद्ध पेटले होते. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्ली परत गेले, शिंद्यांना ग्वाल्हेर परत मिळाले आणि डिसेंबर १८०५ मध्ये होळकरांशी बऱ्याच सौम्य अटींवर तह झाला. एका सरदाराच्या एकाकी झुंजीने कंपनीला एवढे नमविले, तर तिघांच्या एकाच वेळच्या युद्धाने १७८२ च्या सालबाईच्या तहासारखी तडजोड तिला पत्करावी लागली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

येथवर पारंपरिक 'जर' खरा ठरतो. पण हिशेब येथे थांबत नाही. सालबाईच्या तहाने वीस वर्षे मिळाली होती; त्या वीस वर्षांत सामाईक खजिना उभा राहिला नाही, वारसाहक्काचे नियम ठरले नाहीत, कवायती फौजा स्वकीय अधिकाऱ्यांच्या हाती आल्या नाहीत. शिंद्यांच्या पलटणींतील इंग्रज अधिकारी कंपनीच्या एका जाहीरनाम्यासरशी बाजू सोडून गेले आणि सेनापती पेराँ ऐन युद्धात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. १८०३ मध्ये आणखी वीस वर्षे मिळाली असती, तर ती तरी कोणत्या कारणाने निराळी गेली असती? रणांगणावरील एकी ही संकटाच्या दिवसापुरती असते. संकट टळताच प्रत्येक जण आपल्या मोकाशाकडे परततो. १८१७ ने याचा पुरावाच दिला. ५ नोव्हेंबरला पेशवे खडकीला लढले, त्याच दिवशी शिंद्यांनी इंग्रजांशी करार केला. २६ व २७ नोव्हेंबरला भोसल्यांची फौज सीताबर्डीला हरली. २१ डिसेंबरला होळकरांची फौज महिदपूरला हरली. तिन्ही लढाया सात आठवड्यांत झाल्या. हेतू या वेळी बऱ्याच अंशी एक होता. तरीही त्या तीन निरनिराळ्या लढायाच राहिल्या.

म्हणून मराठी इतिहासातील खरा 'जर' असईला सापडत नाही. तो शोधावयाचा तर नाना आणि महादजी दोघेही हयात होते त्या काळात, सालबाईनंतरच्या दशकात शोधावा लागेल. त्या दोघांचे पत्राने पटत नव्हते, तरी दोघांना इंग्रजांचा धोका कळत होता. सरदारांच्या उत्पन्नातून ठराविक हिस्सा सामाईक फौजेसाठी बांधून घेणे आणि दौलतीच्या वारसाचा निवाडा पुण्याच्या एका मान्य पंचमंडळाकडे सोपविणे, एवढ्या दोन गोष्टी त्यांनी केल्या असत्या तर? त्याही सहज झाल्या नसत्या. पण त्या अशक्य नव्हत्या; सवाई माधवरावांच्या लहानपणी बारभाईंनी एकत्र बसून राज्य चालविले होतेच. अल्पवयीन पेशव्यासाठी काढलेली ती तात्पुरती तोड कायमची संस्था झाली नाही, ही खरी हळहळण्याची गोष्ट आहे.

आजचा हिशेब

डेन्मार्कची कथा १८६४ ला संपली नाही. पराभवानंतर त्या देशाने आपली नजर आत वळविली. १८६६ पासून जटलंडची माळराने लागवडीखाली आणण्याचा उद्योग संघटितपणे सुरू झाला आणि १८८२ मध्ये तेथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. तिच्या सभासदांनी कर्जाची जबाबदारी सामाईक घेतली होती, हे विसरता कामा नये. देशादेशांतही हीच वाट धरली गेली. डेन्मार्क आणि स्वीडन यांनी १८७३ मध्ये सामाईक चलनाचा करार केला आणि दोन वर्षांनी नॉर्वे त्यात आला. ते चलन पहिल्या महायुद्धाबरोबर मोडले. पण १९५२ मध्ये नॉर्डिक परिषद स्थापन झाली आणि नागरिकांना पासपोर्टाशिवाय ये-जा करता येऊ लागली. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आल्यावर उत्तरेचे पाचही देश एका संरक्षणकराराखाली आले. विद्यार्थ्यांच्या शपथांना जे साधले नाही, ते लेखी करार, वर्गणी आणि नियम यांनी सावकाश साधले.

महाराष्ट्राला हा धडा अपरिचित नाही. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्यांच्या भागभांडवलाने एक सामाईक थैली जन्माला आली होती. कोकणाने रेल्वेची वाट दशकानुदशके पाहिली. ती आली १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाल्यावर. त्यात रेल्वेचे एक्कावन्न, महाराष्ट्राचे बावीस, कर्नाटकाचे पंधरा आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी सहा टक्के भांडवल ठरले होते. सीमाप्रश्नावर एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन राज्ये एका रुळावर येऊ शकली, कारण कोणी किती द्यावयाचे हे आधी लिहिले गेले होते. दिवेआगरचा विद्यार्थी आज माणगावला गाडीत बसतो, तो या लेखी हिशेबामुळे.

पण हाच महाराष्ट्र दुसऱ्या एका हिशेबाबाबत मात्र बेफिकीर राहिला आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाडा यांना काही आश्वासने देण्यात आली आणि त्या भरवशावर १९६० चे एकीकरण उभे राहिले. १९८४ मध्ये दांडेकर समितीने विभागीय अनुशेष मोजला तेव्हा तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यानंतर १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा राज्यात त्याबद्दल फारशी खळबळ झाली नाही. 'आम्ही सारे मराठी' ही भावना या तिन्ही विभागांत निःसंशय आहे. परंतु भावनेवर विसंबून हिशेब पुढे ढकलण्याची सवय या राज्यात जुनी आहे आणि तिची किंमत एकदा मोजून झाली आहे.

वर्गात मराठेशाहीचा शेवट शिकविताना अध्यापकाने फितुरांची नावे जरूर सांगावीत. पण त्याबरोबरच फळ्यावर सहासष्ट टक्के मोकासा आणि सव्वीस लाखांचा मुलूख हे दोन आकडेही लिहावेत, आणि पहिल्या आकड्यातून दुसरा कसा निघाला हे विद्यार्थ्यांनाच शोधावयास सांगावे. स्वभावाला दोष दिला की शिकण्यासारखे काही उरत नाही, कारण स्वभाव बदलत नाही असेच आपण समजतो. व्यवस्था मात्र माणसाने केलेली असते. ती बदलता येते. सुवर्णदुर्गापासून वसईपर्यंतचा तो सागरी प्रवास काही दिवसांत आटोपला, पण त्याची तयारी त्र्याऐंशी वर्षे चालली होती, आणि ती श्रीवर्धनच्या एका बुद्धिमान माणसाने केवळ निकडीपोटी केलेल्या वाटणीपासून सुरू झाली होती. निकड संपल्यावर ती वाटणी पुन्हा मांडण्याचे काम कोणीच अंगावर घेतले नाही. तेवढे झाले असते, तर एकी झाली असती की नाही याची चर्चा करण्याची वेळच आली नसती.